कांद्याच्या पेठेतील बिनकांद्याचा स्वयंपाक

आष्टी तालुक्यातील कडा हे अहिल्यानगर–बीड मार्गावरील बाजाराचे गाव. तालुक्याची कृषी उत्पन्न बाजार समिती येथे आहे आणि कांद्याच्या लिलावासाठी आसपासच्या खेड्यांतून गाड्या येतात. अडतीच्या दुकानात दिवसभर कांद्याचा भाव, त्याची प्रत आणि त्यातील ओल यांचा हिशेब चालतो. दुकानामागच्या जैन घरात मात्र तोच कांदा उंबरठा ओलांडत नाही. बाहेरच्या माणसाला यात विसंगती वाटते. श्रावकाला ती वाटत नाही, कारण कोणता व्यापार टाळावा हे सांगणारी पंधरा कर्मादाने वेगळी आणि ताटात काय येऊ नये हे सांगणारा अनंतकायाचा विचार वेगळा. अर्थात सर्वच घरे बारमाही कांदा वर्ज्य करतात असेही नाही. कित्येकांकडे तो केवळ चातुर्मासात आणि तिथीला बंद असतो. हा फरक झाकून ठेवण्याचे काही कारण नाही.

कांदा-लसणाशिवाय आमटीला दाटपणा कसा यावा, हा प्रश्न कड्याच्या गृहिणीला फारसा पडला नाही. त्याचे उत्तर मराठवाड्याच्या मातीतच होते. येसूर, म्हणजे धान्य व डाळी भाजून, धने-मिरची आदी मसाल्यांसह दळलेले पीठ, या भागात घरोघरी भरून ठेवलेले असते. उकळत्या आमटीत दोन चमचे येसूर कालवून सोडला की रस अंगासरशी येतो. त्याला हिंगाची फोडणी दिली की वाटणाची उणीव भासत नाही. मारवाडातून आलेल्या कुटुंबांनी शेजारणीकडून हा येसूर घेतला आणि त्यांचे बेसनाचे गट्टे त्यात सहज रमले. शेजारच्या पाटवडीच्या रश्श्याशी गट्ट्यांचे नाते तसे सख्ख्या भावाचेच आहे. दालढोकळी आणि वरणफळे, चिल्ला आणि धिरडे, मंगोडी आणि सांडगे, बाजरीची राब आणि ज्वारीची आंबील, अशी जोडी कितीतरी लावता येईल. हुलग्याच्या शेंगोळ्यांचे मात्र जरा अवघड. लसणाशिवाय शेंगोळे ही कल्पनाच गावातील जाणत्यांना मान्य नाही. तरीही जैन घरांत ते हिंग, जिरे आणि तिळाच्या कुटावर होतात आणि थंडीत चवीने खाल्ले जातात.

हे साम्य योगायोगाचे नाही. मारवाड हा कोरडा प्रदेश आणि आष्टी तालुकाही अवर्षणाचा. जेथे पाऊस बेभरवशाचा तेथे स्वयंपाकघर हिरव्या भाजीवर विसंबून राहत नाही. ते डाळ, पीठ, दूध आणि वाळवण यांवर चालते. बीज, पंचमी, अष्टमी, एकादशी आणि चतुर्दशी या तिथींना लिलोत्री न खाण्याचा नियम दोन्हीकडच्या श्रावकांना त्यामुळे तितकासा जड गेला नाही. 1972 च्या दुष्काळात भाजीपाला दिसेनासा झाला तेव्हा, जी घरे महिन्यातील दहा दिवस एरवीही हिरव्या भाजीशिवाय जेवत होती, त्यांच्या उतरंडीत पर्याय आधीच भरलेला होता. केर-सांगरी आजही राजस्थानातील सोयऱ्यांकडून येते. तालुक्यात दुधाचा जोडधंदा मोठा असल्याने दही-ताकाची कढी बारा महिने होते. डाळीच्या पदार्थात दही घालायचे तर ते आधी तापवून घ्यायचे, हा द्विदलाचा नियम पाळणाऱ्या सासूबाई अजून पुष्कळ घरांत आहेत. नव्या सुनांना तो सांगावा मात्र लागतो.

सणांच्या दिवसांत दोन संस्कृतींची चूल एकाच गल्लीत कशी चालते ते पाहण्यासारखे असते. पर्युषणाची सांगता आणि गणेशोत्सवाचा आरंभ एकमेकांना लागून येतात. भाद्रपद शुद्ध पंचमीला स्थानकात संवत्सरीचे प्रतिक्रमण असते, घरातील चूल थंड असते. त्याच दिवशी शेजारी ऋषिपंचमीची भाजी शिजते. बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, या भावनेने केलेली ही भाजी. तिच्यात सुरण, अळू असे कंद पडतात, म्हणून ती जैन ताटात येत नाही. परंतु दुसऱ्या जिवाच्या श्रमाचा विचार करणारा हा दिवस आणि क्षमापनेचा दिवस एकच असावा, हे दोन्ही घरांनी एकमेकांना आवर्जून सांगण्याजोगे आहे. दुसऱ्या दिवशी पारण्याला मुगाचे पाणी आणि राब असते, आणि शेजारणीकडून मोदक येतात.

आश्विनातही असेच घडते. शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत आयंबिलाची ओळी चालते, आणि तिचे पहिले दिवस नवरात्रात पडतात. गावात साबुदाणा आणि बटाट्याचा उपवास. आयंबिल करणाऱ्याच्या ताटात मात्र दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळण हे सर्व वर्ज्य, दिवसातून एकदाच उकडलेले वा भाजलेले अन्न. शेजारच्या घरी ‘उपवास’ हा एकच शब्द असला तरी त्याचा अर्थ अगदी वेगळा आहे, हे मुलांना गल्लीतच कळते. अक्षय तृतीयेला मराठी घरात आमरस असतो आणि वर्षीतपाच्या पारण्याला उसाचा रस. भगवान ऋषभदेवांना श्रेयांसकुमारांनी हस्तिनापुरी दिलेल्या दानाची ती आठवण.

या सर्वांत कठीण नियम कोणता, असे विचारले तर कांदा नव्हे, चौविहार. मार्गशीर्षात सूर्य सहाच्या आतच मावळतो आणि गिऱ्हाईक नेमके तेव्हाच दुकानाची पायरी चढते. पूर्वी वडील गल्ल्यावर आणि मुलगा जेवायला, मग मुलगा गल्ल्यावर आणि वडील जेवायला, अशी पाळी लागे. एकत्र कुटुंब होते तोवर हे जमले. आता अनेक दुकानांत एकच पुरुष उरला आहे, मुले पुण्यात शिक्षणाला वा नोकरीला आहेत. काही घरांनी यावर साधा उपाय काढला: पाच वाजता घरून डबा येतो आणि दुकानाच्या मागच्या खोलीत पंधरा मिनिटांत जेवण होते. काहींनी चौविहार चातुर्मासापुरता ठेवला. दुकान आणि नियम या दोहोंचा ताळेबंद जुळवताना प्रत्येक घराने आपापली तडजोड केली आहे. जी घरे ती उघडपणे मान्य करतात, त्यांच्या मुलांना नियमाचे मोल अधिक कळते असे दिसते.

खाणावळी आणि हॉटेले यांचा विषय याला लागूनच येतो. मार्गावरील धाब्यांवर शेवभाजी, पिठले-भाकरी, ठेचा यांचा थाट असतो आणि ‘जैन मिळेल’ अशी पाटी आता दुर्मीळ नाही. या पाटीचे स्वागत करावे, पण तिचा अर्थ तपासूनच. बहुतेक ठिकाणी तिचा अर्थ ‘कांदा-लसूण नाही’ एवढाच असतो. समोशात बटाटा असतो, तळणाचे तेल एकच असते, आणि पाटी रात्री अकरापर्यंत उजळलेली असते. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही शाकाहार सांगतो, कंदमुळांविषयी काही सांगत नाही. त्यासाठी घटकांची यादीच वाचावी लागते. त्या मानाने ओळखीचा भेळवाला बरा. तो आधीच्या गिऱ्हाइकाचा कांदा लागलेले पातेले बाजूला ठेवतो, दुसरे घेतो आणि कैरी किसून घालतो. पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चे केळे घालणारेही आता आहेत. चव वेगळी लागते, वाईट नाही.

23 सप्टेंबर 2022 रोजी न्यू आष्टी–अहमदनगर ही 66 किलोमीटरची रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्थानक मिळाले. तरी पुण्याच्या मुलांसाठीचे डबे अजून मुख्यतः एस. टी. आणि खासगी गाड्यांतूनच जातात. त्या डब्यांत खाकरे, मुगाचे पापड, मंगोड्या, येसुराची पिशवी असते आणि दिवाळीत फराळ. फराळाच्या डब्यावर तारीख लिहिण्याची काही घरांची रीत चांगली आहे. मिठाई व कोरड्या खाद्याची मुदत परंपरेने पावसाळ्यात 15, उन्हाळ्यात 20 आणि हिवाळ्यात 30 दिवस मानली आहे. शीतकपाट नसलेल्या काळात ठरलेली ही मर्यादा आजच्या आहारविचारालाही पटण्यासारखी आहे. वसतिगृहातील मुलगा नियम म्हणून नसेल, पण आईच्या अक्षरातील तारीख पाहून तरी शिळे टाकून देतो.

पापडांचे काम मात्र एकट्याने होत नाही. पापडखार घातलेले मुगाचे पीठ कुटायला, तेलाचा हात लावून मळायला आणि उन्हे चढण्याआधी लाटून टाकायला सात-आठ बायका लागतात. शेजारच्या मराठी घरात त्याच दिवसांत उडदाचे पापड आणि कुरडया होतात. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाच्या चिकाची कुरडई कडक नियमाच्या जैन घरात होत नाही, पण चीक घाटताना हात द्यायला जैन सुना जातात आणि त्या बदल्यात पापड लाटायला शेजारणी येतात. मजुरीचा प्रश्न उद्भवत नाही. लाट्यांची वाटी परत जाते ती भरलेली. घरातील माणसे कमी झाल्यापासून हा दिवस पंचांग पाहून ठरत नाही. पुण्याहून मुली आणि सुना कोणत्या रविवारी येऊ शकतील, हे विचारूनच डाळ दळायला जाते.