भाजी रोजची, तरी रक्त कमी का?

मागच्या मासिक बैठकीला आमच्या गटात आशाताई आणि सिस्टर आल्या होत्या. बचतीचा हिशेब झाल्यावर सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासलं. बाईचं ते निदान 12 हवं. आम्ही 13 जणी, त्यात 12 च्या वर निघाल्या चौघीच. एकीचं तर 8 भरलं. पाण्याची घागर उचलली की तिला धाप लागायची आणि ती म्हणायची, वय झालं. वय 34!

आपल्या एकट्या गावाचं हे नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायांना रक्तक्षय आढळला.

"पण आम्ही तर रोज पालेभाजी करतो," सगळ्या एकदम म्हणाल्या. करतो हे खरं. मेथी, शेपू, चाकवत, तांदुळजा, पावसाळ्यात बांधावरचा टाकळा. खातो किती, ते कुणी सांगेना. मोठी जुडी शिजून वाटीभर होते. आधी घरची माणसं जेवतात, मग पोरं, आणि आपण कढई भाकरीनं पुसून घेतो. वाढणारीच्या पोटात भाजी जातच नाही, तर रक्त वाढणार कुठून?

दुसरी गोष्ट चहाची. जेवण झालं की लगेच चहा, ही आमच्यातल्या बहुतेकींची सवय. पालेभाजीतलं लोह मुळातच अंगाला कमी लागतं, त्यात चहा ते आणखी अडवतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. उलट भाजीवर लिंबू पिळलं, जेवणात पेरू किंवा आवळा असला, तर तेच लोह जास्त लागतं. पालकाचा गवगवा फार, पण त्यातलं लोह शरीर थोडंच घेतं. दारातल्या शेवग्याचा पाला मात्र आपण शेळीला घालतो! त्यात लोह आहे, हाडांना लागणारं कॅल्शियम आहे, डोळ्यांना लागणारं अ जीवनसत्त्व आहे. मूगडाळ घालून परतला की मेथीइतकाही कडू लागत नाही.

भाजी निवडून आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली की सत्त्व पाण्यात जातं. उकडलेलं पाणी आमटीत घाला. लोखंडी कढई आम्ही भाजी काळी पडते म्हणून माळ्यावर टाकली होती, ती पुन्हा काढली. शिजल्यावर भाजी तेवढी दुसऱ्या भांड्यात काढायची.

एक मात्र नीट ऐका. हिमोग्लोबिन 8 असेल तर नुसत्या भाजीनं ते भरून येत नाही. दवाखान्यातून दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच. शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळ्या सोडू नका. गरोदर बाईनं तर मुळीच नाही.

आमची ती मैत्रीण आता गोळ्या घेते आणि वाढायला बसण्याआधी स्वतःची भाजीची वाटी झाकून ठेवते. पहिल्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, ही कुणाची? ती म्हणाली, माझी. पुढच्या महिन्यात सिस्टर पुन्हा तपासायला येणार आहेत.