एका तारेपासून

शिक्रापूरच्या यात्रेत तमाशाचा फड उतरला की आम्ही पोरं दुपारीच कनातीपाशी जाऊन बसायचो. रात्रीचा वग घरचे बघू देतील याची खात्री नसायची, पण दुपारी कुणी हटकायचं नाही. कनातीच्या फटीतून आत उघड्या लोखंडी पेट्या दिसायच्या, दोरीवर वाळत घातलेले शालू दिसायचे. ढोलकीवाला कड्या सरकवून ढोलकी चढवत असायचा. तुणतुणेवाला खुंटी पिळायचा, कान लावायचा, पुन्हा पिळायचा. रात्रीचे वग मी आता विसरलो आहे. ती दुपार मात्र जशीच्या तशी आठवते, कारण तिच्यात गाणं तयार होताना दिसायचं.

ही आठवण पुन्हा जागी झाली ती थेट स्वित्झर्लंडमध्ये. लेक लोझानला शिकत होती, तिच्याकडे गेलो होतो. "बाबा, तुमच्या पाचगणीच्या पोराचं घर बघायला चला," म्हणून तिने मला आगगाडीत बसवलं. एका बाजूला जिनिव्हाचं सरोवर आणि दुसऱ्या बाजूला डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले द्राक्षमळे बघत आम्ही माँत्रो या छोट्या शहरात उतरलो. सरोवराच्या काठावर त्या पोराचा, म्हणजे गायक फ्रेडी मर्क्युरीचा, एक हात उंचावलेला ब्राँझचा पुतळा उभा आहे. इरेना सेडलेका या शिल्पकर्तीने घडवलेल्या या पुतळ्याचं अनावरण 25 नोव्हेंबर 1996 रोजी झालं. लोक त्याच्या पायाशी फुलं ठेवतात. तिथून चालत थोड्या अंतरावर माँत्रोचा कॅसिनो आहे आणि त्या कॅसिनोच्या आत 'क्वीन' या त्याच्या रॉक बँडचं संग्रहालय.

जुगाराच्या इमारतीत संग्रहालय कसं, याला एक गोष्ट आहे. 4 डिसेंबर 1971 रोजी इथे फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू असताना श्रोत्यांतल्या कुणीतरी छताच्या दिशेने आगीचा बार उडवला आणि अख्खा कॅसिनो जळाला. ध्वनिमुद्रणासाठी शहरात आलेल्या 'डीप पर्पल' बँडने सरोवरावर पसरणारा धूर पाहिला आणि त्यावर एक गाणं केलं. पुढे ते जगभर गाजलं. 1975 मध्ये कॅसिनो पुन्हा उभा राहिला तेव्हा त्यात 'माउंटन स्टुडिओ' हे ध्वनिमुद्रणगृह आलं. 'क्वीन'ने इथे 1978 मध्ये 'जॅझ' हा अल्बम केला आणि 1979 मध्ये स्टुडिओच विकत घेतला. डेव्हिड बोवीबरोबरचं त्यांचं 1981 मधलं प्रसिद्ध गाणं इथेच आकाराला आलं. फ्रेडीच्या मृत्यूनंतर 1995 मध्ये निघालेल्या 'मेड इन हेवन'पर्यंत या बँडचं काम या जागेशी जोडलेलं राहिलं. डिसेंबर 2013 मध्ये ही जागा संग्रहालय म्हणून खुली झाली.

प्रवेशाला तिकीट नाही. दानपेटी आहे आणि तिच्यातला पैसा 'मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट'कडे जातो. 24 नोव्हेंबर 1991 रोजी एड्समुळे झालेल्या आजारात फ्रेडी गेला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर त्याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला, त्यातून ही संस्था उभी राहिली. एड्सविरोधी कामाला ती मदत करते. त्या काळी या आजाराचं नाव घ्यायलाही लोक कचरत होते. अशा वेळी सोबत्यांनी मित्राच्या आठवणीला दिलेलं हे वळण मला फार मोठं वाटतं.

आत पोशाख आहेत, वाद्यं आहेत, हाताने लिहिलेली गाण्यांची कागदं आहेत. कागदांवरची खाडाखोड बघताना मला आमच्याकडच्या शाहिरांच्या वह्या आठवल्या. पण माझे पाय खिळले ते नियंत्रण कक्षात. स्टुडिओ चालू असताना याच खोलीत बसून ध्वनिमुद्रक काम करायचे. आज तिथे पाहुण्यांसाठी मिश्रणाचं टेबल मांडलं आहे. एकाच गाण्याचे वेगवेगळे धागे वेगवेगळ्या सरकपट्ट्यांवर असतात. एक पट्टी वर केली की ढोल ऐकू येतो, दुसरी वर केली की गिटार. सगळ्या खाली करून एकच ठेवली तर फक्त आवाज उरतो.

मी नेमकं तेच केलं. वाद्यं बंद केली आणि फ्रेडीचा आवाज एकटा राहू दिला. ओळ उचलण्याआधी त्याने घेतलेला श्वास ऐकू आला. एरवी ढोलाखाली दडून जाणारी शब्दाच्या शेवटची बारीक थरथर ऐकू आली. मग हळूहळू एकेक वाद्य परत आणलं. चांगल्या गायकाला साथ कशी करतात हे आपण मैफलीत बघतो. इथे ते माझ्या बोटांना कळलं.

'क्वीन'चं वेगळेपण या धाग्यांच्या विणकामातच होतं. 1975 मधलं त्यांचं 'बोहेमियन ऱ्हाप्सोडी' हे गाणं वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत सुरू झालं आणि पुढे आणखी काही स्टुडिओंतून पुरं झालं. ते 5 मिनिटं 55 सेकंदांचं आहे. मधल्या ऑपेरासारख्या भागात मोठा गायकवृंद गातोय असं वाटतं, प्रत्यक्षात गळे तीनच आहेत: फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. ध्वनिफितीवर चोवीस पट्ट्या असत. त्या भरल्या की सगळं एकत्र करून दोन-तीन पट्ट्यांवर उतरवायचं आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा गायचं. असं इतक्या वेळा केलं, की फीत झिजून तिच्यातून आरपार दिसू लागलं, असं ते सांगत. आज संगणकावर बोट दाबलं की शंभर आवाज होतात. तेव्हा प्रत्येक आवाजासाठी कुणीतरी माइकसमोर उभं राहत होतं.

आणि ही कष्टाळू माणसं होती कोण? ब्रायन मे खगोलभौतिकीचा विद्यार्थी. संगीतापायी अर्धवट राहिलेली पीएचडी त्याने 2007 मध्ये पूर्ण केली. रॉजर टेलर दंतवैद्यक शिकायला लंडनला आलेला, जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, फ्रेडी ग्राफिक कला शिकलेला; बँडचं बोधचिन्ह त्यानेच काढलं. ब्रायनने आयुष्यभर वाजवलेली गिटार 1963 मध्ये वडिलांबरोबर घरीच बनवायला घेतली होती. तिची मान एका जुन्या शेकोटीच्या लाकडाची. सुराला हेलकावा देणाऱ्या दांड्यात विणकामाची सुई आहे आणि मोटारसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा आहेत. डीकनने कचऱ्याच्या पेटीत सापडलेल्या सर्किटपासून अॅम्प्लिफायर केला आणि तो अल्बमांमध्ये वापरला गेला. दुकानात मिळत नाही ते हाताने करायचं, हा या बँडचा स्वभावच होता.

फ्रेडीपुरता या स्वभावाचा उगम आपल्या सातारा जिल्ह्यात आहे. त्याचं मूळ नाव फारूख बलसारा, जन्म 5 सप्टेंबर 1946 चा, झांझिबारमधला. आईवडील पारशी, घराण्याचं आडनाव गुजरातेतल्या बलसारवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेलं. जेमतेम आठ वर्षांच्या मुलाला त्यांनी समुद्रापार पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात धाडलं. 'फ्रेडी' हे नाव त्याला इथे मिळालं आणि पुढे आलेल्या दातांमुळे 'बकी' हे चिडवायचं नावही. पियानोची तालीम इथेच झाली. रेडिओवर ऐकलेलं गाणं तो लगेच पियानोवर वाजवून दाखवायचा, असं त्याचे शाळूसोबती सांगत.

1958 मध्ये पाच मुलांनी शाळेत 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. फ्रेडी पियानोवर होता, पुढे उभा राहून गाणारा दुसराच मुलगा होता. त्यांच्याकडे बास गिटार नव्हती. म्हणून चहाच्या लाकडी खोक्याला दांडा लावला, एक तार ताणली आणि ते वाद्य म्हणून वाजवलं. हे एका पुस्तकात वाचलं तेव्हा मी ते खाली ठेवलं होतं. पोकळ लाकूड, एक दांडा, एक तार: हे तर तुणतुणं! पाचगणीच्या त्या इंग्रजी शाळेतल्या मुलांनी ते कधी पाहिलं असेल की नाही, कोण जाणे. पण हाताशी असलेल्या वस्तूतून सूर काढायची गरज फडातल्या माणसाला जिथे घेऊन गेली, तिथेच त्यांनाही घेऊन आली.

जानेवारी 1964 मध्ये झांझिबारमध्ये उठाव झाला आणि बलसारा कुटुंब जीव वाचवून लंडनजवळच्या फेल्टमला आलं. 1970 मध्ये 'क्वीन' उभा राहिला. 13 जुलै 1985 रोजी वेम्ब्लीवरच्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमात जेमतेम वीस मिनिटांत फ्रेडीने सत्तर हजारांहून जास्त लोकांना एका टाळीवर आणलं, ते दूरदर्शन संचांवर जगाने पाहिलं.

माँत्रोच्या त्या खोलीत जमिनीवर एक छोटी पितळी पट्टी बसवली आहे. अखेरच्या ध्वनिमुद्रणांच्या वेळी फ्रेडी तिथे उभा राहून गायला. 1991 च्या मे महिन्यात तब्येत पार खालावली होती. गाण्याच्या दालनापर्यंत जायचं त्राण नव्हतं, म्हणून नियंत्रण कक्षातच माइक घेऊन तो गायचा. 'मदर लव्ह' या गाण्याची कडवी त्याने अशीच गायली. शेवटचं कडवं राहिलं. ते नंतर ब्रायनने स्वतःच्या आवाजात गायलं आणि अल्बममध्ये तसंच आहे. त्या पट्टीपाशी आलेले लोक आपोआप हळू बोलतात. माझ्या पुढचा एक तरुण तिच्यावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून गेला, अगदी आपण देवळाच्या उंबऱ्यापाशी जपतो तसा.

मला तेव्हा आमच्या तमाशातल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर आठवल्या. नऊ महिने भरलेली ही बाई फडावर नाचत होती. कळा सुरू झाल्या तशी पडद्यामागे गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली. ही हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, राज्य शासन त्यांच्या नावाने तमाशातल्या कलावंतांना पुरस्कार देतं, हे योग्यच आहे. पण पुरस्कार एका संध्याकाळी संपतो. पुढच्या पिढीला पाय थबकतील अशी जागा लागते. तिथे ढोलकी हाताळता यावी, कड्या सरकवल्यावर सूर कसा चढतो ते कळावं, झीलकऱ्यांचा आवाज वेगळा आणि तुणतुणं वेगळं ऐकता यावं. वगाच्या हस्तलिखित वह्या, सुपारीच्या नोंदी, मुक्काम दर मुक्काम फिरलेल्या लोखंडी पेट्या तिथे असाव्यात. माँत्रोला काही राजवाडा नाही. चार माणसांची कामाची जागा त्यांनी कामाच्याच खुणांसह राखली, एवढंच केलं, आणि ते पुरेसं ठरलं.

पाडव्यानंतर मी पाबळमार्गे नारायणगावला गेलो. यात्रांच्या हंगामासाठी फडांच्या राहुट्या लागल्या होत्या, गावोगावचे पंच सुपारी ठरवायला बसले होते. एका राहुटीत पेटीवर जुनं तुणतुणं दिसलं. हात लागून लागून दांडा काळा, गुळगुळीत झालेला. शेजारी एक वयस्क झीलकरी बसले होते.

"मामा, हात लावू का?" मी विचारलं.

"लावा की. वाजवायलाच हाय ते."

मी तार छेडली. त्यांनी मान हलवली, तुणतुणं माझ्याकडून घेतलं, खुंटी अर्धा वेढा पिळली, कान लावला आणि परत माझ्या हातात दिलं.

"आता छेडा."