कांद्याच्या मागे मागे जा!

टीवाय किंवा एमबीएच्या प्रोजेक्टचं सबमिशन जवळ आलं, की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास येतो : 'प्लीज, दोन मिनिटं काढून फॉर्म भरा ना!' विषय असतो सप्लाय चेन मॅनेजमेंट आणि फॉर्म भरणारे वर्गातलेच 50 मित्रमैत्रिणी. पाय चार्ट तयार, स्पायरल बाइंडिंग तयार! पण ज्यांनी कधी ट्रक भरतानाही पाहिला नाही, त्यांची मतं गोळा करून पुरवठा साखळी कशी कळणार?

त्यापेक्षा एकच वस्तू धरा आणि तिच्या मागे मागे जा. कांदाच घ्या ना!

रब्बीचा कांदा साधारण मार्च ते मे या काळात निघतो. पावसाळाभर तोच पुरवावा लागतो, म्हणून शेतकरी तो चाळीत साठवतो. मग लासलगावसारख्या बाजार समितीत लिलाव, व्यापाऱ्याच्या खळ्यावर निवड, गोण्या, ट्रक, वाशीचं मार्केट आणि शेवटी तुमच्या गल्लीतली हातगाडी. रिझर्व्ह बँकेच्या 2024 मधल्या एका अभ्यासानुसार ग्राहकाने कांद्यासाठी मोजलेल्या रुपयातले सुमारे 36 पैसेच शेतकऱ्याच्या हाती पडतात. उरलेले 64 पैसे कुठे गेले? 'दलालांनी खाल्ले' हे उत्तर कट्ट्यावर चालेल, प्रोजेक्टमध्ये नाही.

काय मोजाल?

आधी वजन. समजा, 15 रुपये किलोचा 100 किलो कांदा चाळीत ठेवला. वजनातली घट, सड आणि कोंब यांत 30 किलो गेला. आता नुसते घातलेले पैसे परत मिळवायलाच उरलेला माल 21 रुपये 43 पैशांनी विकावा लागेल. यात कुणाचाच नफा नाही! अशी नासाडी प्रत्येक टप्प्यावर होते. ती कोण सोसतो, हे शोधणं हाच खरा रिसर्च.

मग कागद. शेतकऱ्याची हिशोबपट्टी, हमाली-तोलाईच्या नोंदी, ट्रकभाड्याची पावती. सोबत वेळही लिहा : गाडी किती वाजता आली, लिलाव कधी झाला, माल किती तास उन्हात थांबला. वही दिसली की लोकांना इन्कम टॅक्सवाले आल्यासारखं वाटतं. म्हणून आधी कॉलेजचं आयकार्ड दाखवा, परवानगी घ्या आणि रिपोर्टमध्ये कुणाचं नाव टाकू नका.

घरबसल्या आकडे हवेत? केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट पोर्टलवर बाजार समित्यांमधली रोजची आवक आणि भाव मिळतात. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. त्याच्या आधीचे आणि नंतरचे भाव लावून बघा. पण लगेच 'बंदीमुळेच भाव पडले' असं लिहू नका. त्याच दिवसांत खरिपाचा नवा मालही बाजारात येत असतो. दोन्हींचा परिणाम वेगळा कसा काढायचा, यावर गाइडशी भांडा. मार्क तिथेच मिळतात!

वर्गातच खेळा

खऱ्या बाजारावर प्रयोग करता येत नाही, मग त्याची नक्कल करायची. एमआयटीत 1960 च्या सुमारास तयार झालेला 'बिअर गेम' त्यासाठीच आहे. चौघं जण दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना होतात आणि एकमेकांशी न बोलता ऑर्डर देतात. गिऱ्हाइकाची मागणी जराशी वाढते आणि कारखान्यापर्यंत पोहोचेस्तोवर तिचा डोंगर होतो. यालाच 'बुलव्हिप इफेक्ट' म्हणतात. टंचाईची बातमी आली की आपण दोन किलो कांदे जास्तीचे घेतो ना, त्याचीही सुरुवात अशीच होते.

'मधली माणसं काढून टाका' अशी शिफारस शेवटच्या पानावर लिहायची असेल, तर खुशाल लिहा. फक्त मग निवड कोण करणार, ट्रक कोण भरणार आणि सडलेल्या गोणीचे पैसे कोण सोसणार, हेही त्याच पानावर लिहा.