निचरा झडप, विमानाच्या इंधन टाकीची

निचरा झडप, विमानाच्या इंधन टाकीची : लहान विमानाच्या इंधन टाकीच्या तळाशी साचणारे पाणी व गाळ काढून टाकण्यासाठी बसविलेली, स्प्रिंगच्या दाबाने बंद राहणारी छोटी झडप. टाकीतील सर्वांत खालच्या बिंदूशी ती बसविलेली असते. त्यामुळे तिच्याद्वारे पाण्याचा निचरा पूर्णपणे होऊ शकतो. पण त्याच कारणाने ती गळू लागल्यास टाकीतील जवळजवळ सर्व इंधनाला बाहेर पडण्यास वाट मिळते. आकाराने बोटाच्या पेराएवढ्या असणाऱ्या या भागाची निगा व दुरुस्ती यांना म्हणूनच विमानाच्या देखभालीत महत्त्व आहे.

प्रयोजन : दट्ट्याच्या एंजिनांवर चालणाऱ्या लहान विमानांत विमान पेट्रोल वापरतात. त्याची घनता दर लिटरला सु. ०·७२ किग्रॅ. असून पाणी त्याहून जड व त्यात जवळजवळ अविद्राव्य (न विरघळणारे) असल्याने ते तळाशी जाऊन बसते. अर्धवट भरलेल्या टाकीतील दमट हवा रात्री थंड होऊन आतील पृष्ठावर दव जमणे, टाकीच्या झाकणाचे गॅस्केट झिजल्याने पावसाचे पाणी आत शिरणे आणि भरलेले इंधनच पाणीमिश्रित असणे, ही पाणी येण्याची प्रमुख कारणे होत. असे पाणी एंजिनापर्यंत पोहोचल्यास एंजिन अडखळते किंवा बंद पडते. उड्डाणाच्या प्रारंभी, विमान जमिनीपासून फार उंच गेलेले नसताना असे घडल्यास वैमानिकाला फारसा अवधी मिळत नाही. म्हणून दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी व प्रत्येक वेळी इंधन भरल्यानंतर निचरा झडपेतून थोडे इंधन पारदर्शक नमुनापात्रात घेऊन तपासण्याची पद्धत आहे. पाणी असल्यास ते पात्राच्या तळाशी वेगळ्या थराच्या वा थेंबांच्या रूपात दिसते. पात्रात सर्व पाणीच आले असेल, तर दोन थरांमधील सीमारेषा दिसत नाही. अशा वेळी रंग उपयोगी पडतो. १०० ऑक्टेनाच्या कमी शिसेयुक्त विमान पेट्रोलाला निळा रंग दिलेला असतो. पाणी रंगहीन असते.

अमेरिकेतील लहान विमानांच्या अभिकल्पाच्या (आराखड्याच्या) २०१७ पूर्वीच्या नियमांनुसार प्रत्येक टाकीच्या तळातील गाळकुंडाची धारणक्षमता टाकीच्या क्षमतेच्या ०·२५% किंवा एक षोडशांश गॅलन (सु. ०·२४ लि.) यांपैकी जी अधिक असेल तेवढी असणे आवश्यक होते. निचरा झडप सहज हाताशी येणारी, सहज उघडता व मिटता येणारी आणि ती नीट मिटली आहे हे डोळ्यांना दिसेल अशी असावी, अशीही अट होती. १९५६ पासून निर्माण होत आलेले सेस्ना १७२ हे विमान या संदर्भात उदाहरणादाखल घेता येते. त्याच्या जुन्या प्रकारांत प्रत्येक पंखातील टाकीला एकच निचरा झडप असे. १९९६ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या प्रकारांत प्रत्येक पंखाखाली पाच व धडाच्या पुढील भागाखाली तीन अशी एकूण तेरा निचरा स्थाने आहेत.

रचना व कार्य : झडपेचे पितळी किंवा अन्य धातूचे कवच टाकीच्या तळातील आटे पाडलेल्या छिद्रात घट्ट बसविलेले असते. कवचाच्या आत एक लहान दट्ट्या असून त्याच्या माथ्याखाली रबरी कडे (ओ-रिंग) असते. स्प्रिंग दट्ट्याला खाली ओढून धरते व हे कडे बैठकीवर दाबले जाऊन वाट बंद होते. नमुनापात्राच्या मधोमध असलेल्या काडीने दट्ट्या वर ढकलला की इंधन खाली येते. काडी काढून घेताच झडप मिटते. काही झडपा वर ढकलून किंचित फिरविल्यास उघड्याच अडकून राहतात. टाकी पूर्ण रिकामी करण्यास ही सोय उपयुक्त असते. मात्र अशी झडप अनवधानाने उघडी राहण्याचा धोका असतो.

टाकीतील इंधनाची खोली २० सेंमी. असल्यास झडपेवर येणारा दाब केवळ सु. १·४ किलोपास्काल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या सु. सत्तराव्या हिश्श्याएवढा असतो. झडप मिटलेली राहणे हे मुख्यतः स्प्रिंगच्या ताणावर व कड्याच्या स्थितिस्थापकतेवर अवलंबून असते. यामुळे वाळूचा एखादा कणही गळतीस पुरेसा होतो.

गळतीची कारणे : (१) कडे व बैठक यांच्यामध्ये कचरा, गंजाचा कण किंवा टाकीच्या लेपाचा तुकडा अडकणे, (२) कडे जुने होऊन कडक होणे, चिरणे किंवा चपटे होणे, (३) टाकी बरेच दिवस रिकामी राहिल्याने कडे सुकून आक्रसणे, (४) तळाशी दीर्घकाळ राहिलेल्या पाण्यामुळे बैठक गंजून खडबडीत होणे, (५) स्प्रिंग निकामी होणे, (६) झडपेऐवजी तिच्या बाहेरील आट्यांमधून इंधन झिरपणे. यांपैकी शेवटचे कारण वेगळे ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण आट्यांतील गळती नवे कडे बसवून थांबत नाही.

तपासणी : विमान पेट्रोल उडून गेल्यावर त्यातील रंग मागे राहतो, त्यामुळे पंखाखालील निळसर डाग हे गळतीचे पहिले चिन्ह होय. झडप व तिच्या भोवतालचा पत्रा स्वच्छ पुसून कोरडा करतात आणि तीस मिनिटांनंतर ओल कितपत पसरली ते पाहतात. ओलीचा व्यास सु. १·९ सेंमी. पेक्षा कमी असल्यास डाग, १·९ ते ३·८ सेंमी. असल्यास पाझर, ३·८ ते १० सेंमी. असल्यास मोठा पाझर व इंधन ठिबकत वा वाहत असल्यास वाहती गळती असे वर्गीकरण करतात. वाहत्या गळतीत विमान उड्डाणासाठी वापरीत नाहीत. थेंबाचे आकारमान ०·०२५ मिलि. धरल्यास सेकंदाला एक थेंब या वेगाने दिवसाला दोन लिटरांहून अधिक इंधन जाते. परंतु वाया गेलेल्या इंधनापेक्षा त्याचा विमानाखाली साचणारा बाष्परूप भाग अधिक घातक असतो.

दुरुस्ती : नमुना घेतल्यानंतर झडप ठिबकू लागल्यास ती प्रथम तीन-चार वेळा पूर्ण उघडून मिटतात. इंधनाच्या जोरदार प्रवाहाबरोबर अडकलेला कण निघून जाऊन गळती बहुधा थांबते. ती न थांबल्यास वा वारंवार उद्‌भवल्यास कडे किंवा संपूर्ण झडप बदलावी लागते.

झडप टाकीतच असल्याने वैमानिककक्षातील इंधन निवड झडप बंद करून टाकीतील गळती थांबत नाही. टाकी रिकामीच करावी लागते. ज्या विमानांत दोन्ही टाक्यांतून एकाच वेळी इंधन घेता येते, त्यांत निवड झडप ‘दोन्ही’ या स्थितीत ठेवल्यास दुसऱ्या टाकीतील इंधन रिकाम्या होणाऱ्या टाकीत येत राहते. म्हणून ती निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत आणतात. टाकी रिकामी करण्याचे कष्ट वाचविण्यासाठी हवानळी व झाकण बंद करून आत निर्वात निर्माण करण्याची युक्ती काही जण योजतात. ती सर्वथा वर्ज्य मानली पाहिजे. वर सांगितलेला १·४ किलोपास्काल हा अल्प दाबफरकही एक चौ. मी. पृष्ठावर सु. १४० किग्रॅ. वजनाएवढा भार निर्माण करतो व पातळ पत्र्याची टाकी त्यामुळे दबू शकते. शिवाय घरगुती निर्वात झाडूच्या विद्युत् चलित्रातील ठिणगीने ओढलेले बाष्प पेटू शकते.

रिकाम्या टाकीतून झडप काढल्यावर बैठक भिंगाखाली पाहतात. ती गुळगुळीत असल्यास केवळ कडे बदलणे पुरते. खाचा पडलेल्या असल्यास झडपच बदलतात. कडे निर्मात्याने नेमून दिलेल्या क्रमांकाचे व इंधनास टिकणाऱ्या रबराचे असावे लागते. पाण्याच्या नळासाठी मिळणारे कडे मापाने जुळले, तरी ते पेट्रोलात फुगून झडप उघडी धरू शकते. झडपेचे आटे निमुळते असल्यास त्यांवर इंधनरोधी लेप पातळसर लावतात व टोकाचा पहिला आटा मोकळा सोडतात. आट्यांना गुंडाळण्याची प्लॅस्टिकची फीत वापरीत नाहीत, कारण तिचे तुकडे सुटून इंधनमार्गात अडकू शकतात. निमुळते आटे पाचरीप्रमाणे काम करीत असल्याने पाना अवाजवी जोराने फिरविल्यास टाकीचा ॲल्युमिनियमाचा भाग तडकतो. झडपेच्या किरकोळ कामाचे टाकीच्या मोठ्या दुरुस्तीत रूपांतर होण्याचे हे एक कारण आहे.

यानंतर टाकीत प्रथम थोडे इंधन घालून गळती पाहतात, झडप काही वेळा उघडून-मिटून पुन्हा पाहतात व शेवटी टाकी भरून तपासणी करतात. नमुना स्वच्छ येईपर्यंत निचरा करतात. केलेल्या कामाची नोंद विमानाच्या नोंदवहीत करून ते अधिकृत व्यक्तीकडून प्रमाणित करून घेणे आवश्यक असते. भारतात हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार चालते.

दक्षता : पेट्रोलाचे बाष्प हवेहून जड असल्याने ते जमिनीलगत पसरते व दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून हे काम उघड्यावर, अग्निशामक जवळ ठेवून करतात. विमान व इंधन झेलणारे धातूचे पात्र एकमेकांशी व जमिनीशी संवाहक तारेने जोडतात, म्हणजे स्थिर विद्युत् साचत नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत साचलेला विद्युत् भार असा काढून टाकता येत नाही. शिसेयुक्त पेट्रोलातील टेट्राएथिल लेड हे संयुग त्वचेतूनही शरीरात शिरते. हात वर करून झडप काढताना इंधन मनगटावरून बाहीत उतरते, त्यामुळे हातमोजे व डोळ्यांना चष्मा वापरणे इष्ट ठरते. काढलेले इंधन जमिनीवर न टाकता साठवून त्याची नियमाप्रमाणे विल्हेवाट लावतात.

झडप गळू नये म्हणून ती न वापरणे हा उपाय नव्हे. वापराविना कडे बैठकीला चिकटते व तळाशी पाणी साचून बैठक गंजते. नियमित निचरा केल्याने पाण्याचा धोका टळतो आणि झडपेची स्थितीही दररोज नजरेखालून जाते.