पंख्याची पिच आणि बोटीचा वेग

बऱ्याच जणांनी विचारलं, पंखा बदलला तर बोट जास्त पळेल का? पळेल, पण आधी आरपीएम बघा. पिच म्हणजे एका फेरीत पंखा हिशेबाने किती इंच पुढे सरकेल ते. १७ इंची पंखा (इंजिन नव्हे!) मिनिटाला २७५० फेऱ्या फिरला, तर ताशी ७१ किलोमीटर येतात, पाणी निसटतं, म्हणून दहा-पंधरा टक्के वजा करा. पूर्ण थ्रॉटलला इंजिन कमाल आरपीएम ओलांडत असेल तरच पिच वाढवा. इंचामागे साधारण १५०-२०० आरपीएम उतरतात. चाचणी भरल्या बोटीनेच घ्या.

भिलाईजवळ शिवनाथेला पूर आला की मला फौजेतली एक चूक आठवते. रिकाम्या बोटीवर मोठ्या पिचचा पंखा चढवून आम्ही खूश होतो. पुरात आठ माणसं बसली आणि बोट नाक वर करून नुसती पाणी ढकलत राहिली. मग चार-चार जणांना न्यावं लागलं. फेऱ्या दुप्पट झाल्या.