गोल्फमधील ‘स्लाइस’ : दोष, निदान आणि सराव

कोणत्याही कौशल्याच्या अध्यापनात दोष दाखविणे सोपे असते. दोषाचे कारण दाखविणे कठीण असते, आणि ते कारण नाहीसे होईल असा सराव योजणे त्याहूनही कठीण असते. या तीन गोष्टींमधील अंतर गोल्फच्या खेळातील ‘स्लाइस’ या दोषात विशेष स्पष्टपणे दिसून येते. गोल्फ हा गडचिरोली-चंद्रपूरच्या वनप्रदेशातील खेळ नव्हे. महाराष्ट्रात तो मुख्यतः मुंबई, पुणे, नाशिक अशा ठिकाणी रुजला. चेंबूरचा ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब’ १९२७ साली स्थापन झाला, आणि पुण्याचे उदयन माने २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळले. तथापि या दोषाची मीमांसा भाषाध्यापनाचा विचार करणाऱ्यास अत्यंत उद्बोधक आहे, म्हणून तिचा परामर्श येथे घेत आहोत.

१. दोषाचे स्वरूप

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू हवेत उजवीकडे वळत लक्ष्यापासून दूर जातो, त्यास ‘स्लाइस’ म्हणतात. डावखुऱ्याच्या बाबतीत सर्व दिशा उलट समजाव्यात. फिरणारा चेंडू हवेत वळतो हे न्यूटनने १६७२ सालीच टेनिसच्या चेंडूसंबंधी नमूद केले होते. पुढे एडिंबरोचे पदार्थवैज्ञानिक पी. जी. टेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोल्फच्या चेंडूच्या उड्डाणाचा गणिती अभ्यास केला. क्लबचे मुख किंचित मागे कललेले असल्यामुळे प्रत्येक चेंडूस मागच्या दिशेने फिरकी मिळते आणि तीमुळे तो हवेत उचलला जातो. या फिरकीचा अक्ष जमिनीला समांतर राहिला तर चेंडू सरळ जातो. अक्ष उजवीकडे कलला की उचलणारे बलही उजवीकडे कलते आणि चेंडू वळतो.

अक्ष का कलतो, हा मुख्य प्रश्न होय. आघाताच्या क्षणी दोन दिशा विचारात घ्याव्या लागतात. क्लबचे मुख कोणीकडे आहे ही पहिली, आणि क्लबचे शीर्ष कोणत्या मार्गाने जात आहे ही दुसरी. या दोन दिशा एक असतील तर चेंडू वळत नाही. मुख मार्गाच्या उजवीकडे उघडे असेल तर स्लाइस घडतो. दोहोंतील अंतर जितके अधिक, तितके वळण अधिक. ड्रायव्हर या क्लबचे मुख फार थोडे कललेले असते. त्यामुळे मागची फिरकी कमी पडते आणि तेवढ्याच अंतराने अक्ष अधिक कलतो. छोट्या क्लबने सरळ मारणाऱ्याचाही ड्रायव्हरने स्लाइस होतो, याचे हे एक कारण आहे.

२. अनुभवाने दिलेला चुकीचा धडा

क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन-हजाराव्या भागाइतकाच टिकतो. त्या अवधीत काय घडते हे डोळ्यांना दिसणे शक्य नाही. म्हणून चेंडू प्रथम क्लबच्या मार्गाने निघतो व नंतर मुखाच्या दिशेकडे वळतो, असे जुन्या मार्गदर्शकांतून दीर्घकाळ शिकविले जात असे. अतिवेगवान छायाचित्रण आणि रडार यांनी केलेल्या मापनांतून निराळे चित्र पुढे आले. चेंडूची आरंभीची दिशा मुख्यत्वे मुखावर अवलंबून असते. मार्गाचा वाटा त्यात लहान असतो.

समजा, मार्ग लक्ष्याच्या ६ अंश डावीकडे आहे आणि मुख २ अंश डावीकडे. अशा वेळी चेंडू थोडा डावीकडे निघतो. परंतु मुख मार्गाच्या मानाने ४ अंश उघडे असल्यामुळे तो पुढे उजवीकडे वळतो. चेंडू उजवीकडे जातो हे पाहून खेळाडू पुढच्या वेळी पाय व खांदे अधिक डावीकडे वळवून उभा राहतो. मार्ग त्यामुळे आणखी डावीकडे सरकतो. मुख मात्र लक्ष्याकडेच राहते. दोहोंतील अंतर वाढते आणि वळणही वाढते. अर्थात, परिणाम पाहून केलेला उपाय कारणाचेच पोषण करतो. वर्षानुवर्षे खेळूनही हा दोष जात नाही, किंबहुना तो दृढ होतो, याचे मर्म येथे आहे.

३. निदान

सरावापूर्वी निदान आवश्यक आहे. चेंडू प्रथम कोणीकडे निघाला हे पाहिल्यास मुखाची दिशा कळते. पुढे तो कोणीकडे वळला हे पाहिल्यास मुख व मार्ग यांचा संबंध कळतो. डावीकडे निघून उजवीकडे वळणारा चेंडू हे बाहेरून आत येणाऱ्या मार्गाचे लक्षण होय. उजवीकडेच निघून आणखी उजवीकडे वळणारा चेंडू मुख फार उघडे असल्याचे सांगतो. तिसरेही एक कारण संभवते. ड्रायव्हरवर आघात मध्यावर न होता टाचेकडे झाला, तरीही चेंडूला उजवीकडे वळविणारी फिरकी मिळते. क्लबच्या मुखास खडूची पूड लावली म्हणजे आघाताची खूण उमटते व ही शंका फिटते.

मार्ग बाहेरून आत का येतो, हे समजण्यास कुऱ्हाडीचे उदाहरण उपयोगी आहे. लाकूड फोडताना कुऱ्हाड डोक्यावरून समोर येते आणि उजवा खांदा पुढे झेपावतो. तेथे ती हालचाल योग्यच आहे. गोल्फमध्ये मात्र खांदा असा आधी झेपावला की क्लब चेंडूच्या पलीकडून आत ओढला जातो.

४. सराव

(अ) मुखासाठी. प्रथम पकड तपासावी. वरून पाहता डाव्या हाताची दोन ते अडीच बोटांची पेरे दिसावीत, आणि अंगठा व तर्जनी यांमधील रेषा उजव्या खांद्याकडे असावी. नंतर दोन्ही हातांत काही बोटांचे अंतर ठेवून क्लब धरावा आणि कमरेपासून कमरेपर्यंत संथ फिरवावा. उजवा बाहू डाव्यावरून कसा वळतो, हे या सरावात आपोआप जाणवते.

(आ) मार्गासाठी. चेंडूच्या पलीकडे व किंचित मागे एक रिकामे खोके ठेवावे. क्लब बाहेरून आला तर खोक्यास लागेल. आतून आला तर लागणार नाही. दुसऱ्या सरावात उजवा पाय वीतभर मागे घेऊन अर्धे फटके मारावेत. तिसऱ्यात क्लब वर नेऊन हात उजव्या मांडीसमोर येईपर्यंत खाली आणावा, पुन्हा वर न्यावा, आणि असे तीनदा करून मगच चेंडू मारावा. पायांची रेषा बिघडू नये म्हणून जमिनीवर बांबूची सरळ काठी लक्ष्यरेषेला समांतर ठेवावी. आपल्या जिल्ह्यांत ती सहज मिळते.

(इ) क्रम. मुख सुधारल्यावाचून मार्ग सुधारल्यास चेंडू सरळ उजवीकडेच जातो. मार्ग तसाच ठेवून मुख पुरते बंद केल्यास तो डावीकडे जातो. म्हणून आधी मुख, नंतर मार्ग, आणि शेवटी दोहोंचा मेळ असा क्रम ठेवावा. नवा फटका काही काळ विचित्र वाटेल. तेवढ्यावरून तो चुकीचा समजू नये.

५. भाषाध्यापनाच्या दृष्टीने

वरील सरावांत ध्यानी घेण्यासारखी एक गोष्ट आहे. खोक्याच्या सरावात ‘खांदा आवर’ असा उपदेश नाही. परिस्थितीच अशी रचली आहे की चूक स्वतःच प्रकट व्हावी. वुल्फ, लाउटरबाख व टूल यांनी १९९९ साली गोल्फच्याच छोट्या फटक्यांवर प्रयोग केला. बाहूंच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा क्लबच्या हालचालीकडे लक्ष देणारे त्यात अधिक अचूक ठरले. शिया व मॉर्गन यांच्या १९७९ सालच्या प्रयोगात एकच कृती सलग घोटण्यापेक्षा कृती मिसळून केलेला सराव अधिक टिकला, जरी सरावाच्या वेळी तो अधिक अवघड भासला.

आपल्या भागातील बोलींत ‘ण’ च्या जागी ‘न’ येतो. ‘पाणी’ हे ‘पानी’ होते. विद्यार्थ्यास केवळ ‘ण म्हण’ असे वारंवार बजावले, तर तो ‘मन’ या शब्दाचेही ‘मण’ करू लागतो. भाषाशास्त्रात यास अतिशुद्धी म्हणतात. डावीकडे अधिकाधिक वळून उभा राहणारा गोल्फपटू आणि हा विद्यार्थी यांची चूक एकाच जातीची आहे. दोघांनीही परिणाम ऐकला वा पाहिला. भेद जेथे घडतो ती जागा दोघांनाही दाखविली गेली नाही. सन–सण, कोन–कोण, मन–मण अशा जोड्या आधी ऐकून ओळखण्याचा, मग जिभेचे टोक कोठे टेकते हे पाहण्याचा, आणि शेवटी जोड्या मिसळून वाक्यांत योजण्याचा सराव हा खोक्याच्या सरावाचाच भाषिक अवतार होय.

ज्याची मातृभाषा माडिया आहे आणि शाळेची भाषा मराठी, अशा मुलाच्या बाबतीत या विवेचनाचे मोल अधिक आहे. त्याच्या उच्चारात ऐकू येणारा भेद बहुधा त्याच्या पहिल्या भाषेच्या नियमबद्ध व्यवस्थेतून येतो. कुऱ्हाडीचा झोका जसा आपल्या जागी योग्य, तशी ती व्यवस्थाही आपल्या जागी योग्यच असते. ती न जाणता केलेली दुरुस्ती मुलास गप्प बसण्याचीच सवय लावील. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने, मग तो मैदानावरचा असो वा वर्गातला, प्रथम कारण शोधावे आणि त्यानंतरच सराव नेमून द्यावा.