फाइल मॅनेजर : कोणत्या संगणकावर कोणता?

संगणकावरच्या फाइली पाहणे, त्यांची नावे बदलणे, त्या एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवणे आणि नको असलेल्या पुसणे, ही कामे फाइल मॅनेजर करतो. विंडोजमध्ये फाइल एक्सप्लोरर आणि मॅकवर फाइंडर आधीपासूनच असतो. लिनक्समध्ये नॉटिलस, डॉल्फिन, थुनार, नेमो यांपैकी कोणतातरी एक मिळतो. घरगुती वापराला एवढे पुरते. शेकडो फाइली रोज इकडच्या तिकडे करायच्या असतील, तर मात्र पर्यायांचा विचार करावा लागतो.

या पर्यायांपैकी बरेचसे एकाच घराण्यातले आहेत. १९८६ साली जॉन सोचा यांनी डॉससाठी लिहिलेला नॉर्टन कमांडर बाजारात आला. त्यात पडदा उभा दुभंगलेला असे : डावीकडे एक फोल्डर, उजवीकडे दुसरे. एफ५ दाबले की या बाजूची फाइल त्या बाजूला कॉपी होई, एफ६ने हलवली जाई, एफ७ने नवे फोल्डर तयार होई आणि एफ८ने फाइल पुसली जाई. माउसला हात लावायची गरजच नसे. हीच रचना क्रिस्तियान गिस्लर या स्विस प्रोग्रॅमरने १९९३ मध्ये विंडोजवर आणली. त्याच्या प्रोग्रॅमचे मूळ नाव विंडोज कमांडर. मायक्रोसॉफ्टच्या नाममुद्रेमुळे २००२ मध्ये ते टोटल कमांडर झाले. आरएआर हा फाइल-प्रकार तयार करणाऱ्या युजीन रोशाल यांचा फार मॅनेजर आणि मिगेल दे इकाझा यांचा मिडनाइट कमांडर (१९९४) हे याच वंशातले.

विंडोजवाल्यांना टोटल कमांडर घ्यावासा वाटतो तो मुख्यतः सामूहिक नामांतरासाठी. एक्सप्लोररमध्ये दोनशे फोटो निवडून एफ२ दाबले, तर एकच नाव आणि पुढे कंसात आकडा, एवढेच मिळते. टोटल कमांडरमध्ये कंट्रोल आणि एम दाबून तारीख, क्रमांक, मूळ नावाचा तुकडा असे हवे ते जुळवता येते आणि नवी नावे आधी यादीत पाहून मगच पक्की करता येतात. प्रोग्रॅम विकत घेतला नसेल, तर दर वेळी सुरू होताना तो १, २ किंवा ३ यांपैकी सांगेल ते बटण दाबायला लावतो. हा त्रास बरीच मंडळी वर्षानुवर्षे निमूट सोसतात. एक्सप्लोररही अगदीच टाकाऊ नाही. विंडोज ११ मध्ये २०२२ साली त्यात टॅबही आले. मात्र फाइलचे शेवटचे शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, तो मुळात लपवून ठेवतो. त्यामुळे नावात पीडीएफ आणि शेवटी ईएक्सई असलेली घातक फाइल साधे बिल भासते. ही सेटिंग बदलायलाच हवी.

विंडोजवरून मॅकवर गेलेला माणूस पहिल्याच दिवशी अडखळतो. फाइंडरमध्ये एंटर दाबल्यावर फाइल उघडत नाही, तिचे नाव बदलायची चौकट येते. फाइल ‘कट’ही करता येत नाही, आधी कॉपी करून पेस्ट करताना कमांडसोबत ऑप्शन दाबावे लागते, मग ती हलते. याउलट स्पेसबार दाबताच फाइल न उघडता आत डोकावता येते, ही सोय एकदा अंगवळणी पडली की सुटत नाही. दोन खिडक्या हव्या असतील, तर फोर्कलिफ्ट किंवा कमांडर वन आहेत.

लिनक्समध्ये निवडीला सर्वाधिक वाव आहे, आणि भांडणालाही. नॉटिलसच्या कर्त्यांनी २०१२ मध्ये पडदा दुभंगण्याची सोय काढून टाकली. असल्या काटछाटीला वैतागून लिनक्स मिंटच्या मंडळींनी त्याच्याच जुन्या आवृत्तीतून नेमो उभा केला. डॉल्फिनमध्ये एफ३ने पडदा दुभंगतो आणि एफ४ने खाली टर्मिनल उघडते. सगळ्यांत संपन्न तोच. जुन्या, कमी मेमरीच्या यंत्रावर थुनार बरा.

काही अडचणी मात्र फाइल मॅनेजर बदलून सुटत नाहीत. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल-पद्धतीत नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि युनिकोड देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे स्वतंत्र धरले जातात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे. विंडोजवर बिनतक्रार चालणारे लांबलचक मराठी शीर्षक इथे ‘नाव फार मोठे’ म्हणून अडते. तसेच विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे फिरणारी डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करणे सोयीचे.

दोन-तीन प्रणालींवर आळीपाळीने काम करणाऱ्याने सरळ डबल कमांडर घ्यावा. तो मोफत, मुक्तस्रोत, तिन्हीकडे जवळपास सारखाच चालणारा आहे. दिसायला ओबडधोबड आहे खरा, पण बोटांची सवय मोडत नाही.

पुसण्याच्या बाबतीत सगळे सारखे नाहीत. मिडनाइट कमांडरमध्ये एफ८ दाबून होकार दिला की फाइल कायमची जाते, कचरापेटी मध्ये येत नाही. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल विंडोजही सहसा रिसायकल बिनमध्ये ठेवत नाही. नवा फाइल मॅनेजर बसवल्यावर आधी एखादी बिनकामाची फाइल पुसून ती परत आणता येते का, हे पाहून घ्यावे.